साडेअकरा तासांचा फरक

रविवार, १५ डिसेंबर २०२४. जळकोट.

श्री महादेव प्रसन्न.

आज आलेलं सामान आणि खर्च: बेंबळीहून टेम्पो, भाडं दोन हजार आठशे सांगितलं होतं, अडीच हजारांत आणला. हमाल दोन, प्रत्येकी तीनशे. पलंग दोन, कपाट एक, पिठामिठाचे डबे, शिलाई मशीन, देव्हारा (मांडीवर धरून आणला, त्याला भाडं न्हाई). नवीन घेतलं ते: झाडू साठ, कुलूप एकशे ऐंशी, नारळ तीस, पेढे पाव किलो एकशे दहा. एकूण तीन हजार चारशे ऐंशी.

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं चार पायऱ्या आणि लोखंडी फाटक. लेकानं, रुद्रेशनं, अमेरिकेत बसून फोनवरच घेतलं. आम्हाला बेंबळी सोडवत नव्हती, पण हायवे इथून चालत पाच मिनिटं, आणि यांना गाड्यांच्या आवाजाशिवाय झोप लागत न्हाई. हे म्हणजे रुद्रेशचे अप्पा. नाव मी घेत न्हाई, लिहितही न्हाई. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी जुना तिकिटाचा पंच खिशात असतो, आणि घरी आले की त्यानं कडीवर एकच ठोका मारतात: टण. एक घंटी म्हणजे थांबा, माणूस उतरतोय. दोन घंट्या म्हणजे गाडी सुटली.

चार महिने नातवाजवळ राहून हे बुधवारी येणार. दोघांचं तिकीट परवडलं असतं, असं रुद्रेश म्हणतो. मी म्हटलं, मी दोन वर्षांपूर्वी बघून आले, तेच घर परत बघायला लाखभर रुपये कशाला.

शेजारी हरणाबाई. मागं तिच्या मेंढरांचा वाडा आहे. आल्या आल्या दुधाचा तांब्या घेऊन आली आणि पेढे घेऊन गेली. आवाज असा की हायवेवरची गाडी थांबावी. करमेल मला इथं.

मंगळवार, १७ डिसेंबर.

रुद्रेशचा फोन आला. अप्पा विमानात बसले म्हणाला. ऑस्टिनहून निघून मधे एक विमान बदलून उद्या पहाटे हैदराबादला उतरतील, तिथून गाडीची सीट काढलेली आहे, गाडी चार वाजता जळकोटच्या फाट्यावर.

मग त्यानं जेट लॅगचं सांगितलं आणि मला लिहून घ्यायला लावलं. तिकडं आणि इथं साडेअकरा तासांचा फरक, म्हणजे तिकडची रात्र ती आपली दुपार. शरीर रोज एका तासानं वळणावर येतं, म्हणून बारा दिवस धरायचे. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं. दिवसा अर्ध्या तासाच्या वर झोपू द्यायचं न्हाई. दुपारी तीननंतर चहा बंद. पाणी भरपूर. जेवण आपल्या वेळेला, भूक असो नसो.

मला हे नवीन न्हाई. सुनेच्या, करिश्माच्या बाळंतपणाहून परत आले तेव्हा आठ दिवस मी रात्री दोनला उठून कणीक मळत होते. हे अंथरुणातून म्हणायचे, शिवलीलाबाई, तुमची गाडी अजून अमेरिकेच्या डेपोतच उभी हाय.

त्या वेळी यांनी मला उंबऱ्यात उभं केलं होतं. माझ्या सासूबाई लक्ष्मम्मा, आळंदकडच्या. त्यांची शिकवण: पाण्यापलीकडून माणूस आलं की त्याच्या मागं वाटेवरचं काही चालत येतं. त्याला स्वतःचं नाव नसतं. म्हणून घरच्यानं उंबऱ्यात थांबवून तीनदा नावानं हाक मारायची, 'ओ' आली की मगच आत घ्यायचं. नुसतं 'या' म्हटलं तर जे पुढं असतं ते आत येतं. यांनी हाक मारली, मी ओ दिली, आणि सगळी गल्ली हसली.

आता पंचाईत अशी की हाक मारायची मी. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच, त्याला अडतीस वर्षं झाली. मालकांचं नाव तोंडातून काढलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं, हे आईनं शिकवलेलं. दोन बाया, दोन नियम. सासूबाईंनीच वाट सांगून ठेवली आहे, शेजारणीकडून हाक मारवून घ्यावी. हरणाबाई लगेच तयार झाली. म्हणाली, वयनी, अशी हाक मारते की अप्पा फाट्यावरूनच ओ देतील.

बुधवार, १८ डिसेंबर.

हे आले. चारला येणार ते बारा वाजून दहा मिनिटांनीच आले.

मी स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ मळत होते. कडी वाजली न्हाई. नुसती फरशीवर सावली पडली म्हणून वर बघितलं, तर हे उंबऱ्यात उभे. बाहेरच. हातात काही न्हाई. बोलत न्हाईत, हलत न्हाईत. हरणाबाई मेंढरं घेऊन गेलेली. माझे हात पिठाचे. इतक्या लांबून आलेल्या माणसाला दारात किती वेळ उभं करायचं? मी म्हटलं, अहो, उभे काय राहिलात, या ना आत.

म्हटल्याबरोबर आत आले.

बॅग विमानात चुकली म्हणाले, मागून येतीय. लवकर कसे आलात विचारलं तर दुसरी गाडी मिळाली एवढंच. दोन भाकरी खाल्ल्या आणि आडवे झाले. दिवसा झोपायचं न्हाई हे मी बोलून दाखवलं, पण पहिला दिवस म्हणून सोडून दिलं.

चार वाजता फाट्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं लांबून, विजेच्या खांबावर कुणी लोखंड मारावं तसा एक ठोका. टण. सवयीनं मी उठून उभी राहिले आणि माझी मलाच गंमत वाटली. हे तर आत झोपलेत.

शुक्रवार, २० डिसेंबर.

हे सकाळी सहा दहाला झोपतात आणि संध्याकाळी पाच चाळीसला उठतात. बरोबर साडेअकरा तास. काल तेच, आज तेच. मी वहीत लिहून ठेवलंय. रुद्रेशच्या हिशेबानं रोज तासभर सरकायला पाहिजे. एक मिनिटही सरकलं न्हाई.

दुसरी गोष्ट दातांची. यांना कवळी आहे, वरची आणि खालची दोन्ही, सोलापूरला नऊ हजारांत केलेली. कडक भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते. काल यांनी भाजलेले शेंगदाणे कुडुम कुडुम खाल्ले. आज ज्वारीची हुरड्याची कणसंच दातांनी सोलली. मला वाटलं, रुद्रेशनं तिकडं पक्के दात बसवून दिले आणि खर्च माझ्यापासून लपवला. तिकडं दाताचे काय पैसे घेतात ते मला ठाऊक आहे, करिश्माच्या एका दाढेत आपल्याकडची म्हैस आली असती. फोन करून सरळ विचारलं. तो हसला. म्हणाला, न्हाई गं आई, अप्पांची कवळीच आहे, विमानतळावर जातानासुद्धा डबीत काढून ठेवली होती, टोचतीय म्हणून.

बाप-लेक मिळून मला फसवतायत.

चारच्या सुमाराला तो ठोका पुन्हा. कालच्यापेक्षा अलीकडचा. बाहेर जाऊन बघितलं, रस्त्यावर कुणी न्हाई.

रविवार, २२ डिसेंबर.

हरणाबाईला मी बोलावलं. राहून गेलेली हाक उशिरा का होईना मारावी, मनाला बरं. दुपारची वेळ. हे झोपलेले. तिनं पलंगाजवळ उभं राहून तिच्या त्या आवाजात नावानं तीनदा हाक मारली. भांडी वाजली. यांची पापणी हलली न्हाई. ती हसून म्हणाली, वयनी, आमचं मेंढरूबी नावानं कान हलवितंय, अप्पा तर बहिरं होऊन आलं की.

मी हळूच म्हटलं, अहो.

लगेच डोळे उघडले. मधे झोप न्हाई, जांभई न्हाई, काही न्हाई. नुसते उघडले.

हरणाबाईचं हसणं तिथंच राहिलं. कोकरं मोकळी हायती म्हणून गेली. चहा ओतलेला तसाच. या आठ दिवसांत तिनं माझ्याकडं चहा कधी सोडला न्हाई, उलट बशीतला सांडलेलाही पिऊन जाते.

मंगळवार, २४ डिसेंबर.

आज सातवा दिवस. लिंगपूजा न्हाई. चाळीस वर्षं हा माणूस सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत न्हाई. पहाटेच्या ड्यूटीला डेपोतल्या बाकड्यावर बसून केलेली मी ऐकली आहे. गळ्यातली लिंगाची डबी कुठं आहे विचारलं तर बॅगेत म्हणाले. लिंग बॅगेत? अंगावेगळं? विचारायचं ते इथं लिहिते.

रुद्रेशनं सांगितलं तसं सकाळी ऊन द्यायचं ठरवलं. खुर्ची अंगणात मांडली, 'अहो, अहो' करत आणून बसवलं. डोळे मिटलेले ते मिटलेलेच. मी पायरीवर बसले, हातात लसणाची पाकळी.

मग चार वाजलेले. लसूण हातात तसाच. सकाळी दहा ते दुपारी चार मी पायरीवर बसून झोपले. अडतीस वर्षांत मी दिवसा पाठ टेकलेली न्हाई, रुद्रेशच्या वेळचं बाळंतपण सोडलं तर. आणि हे खुर्चीत न्हाईत. आत पलंगावर.

जागी झाले ती ठोक्यानं. आमच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीवर. टण.

रात्री झोप न्हाई. दोन वाजता मी पीठ चाळत होते. हे समोर पाटावर बसून बघत होते. म्हणाले, आता बरं झालं, दोघांची वेळ एक झाली. मग म्हणाले, एकदा माझं नाव घे की.

अडतीस वर्षांत असं कधी म्हणाले न्हाईत. उलट पोरीबाळी मला उखाण्याचा आग्रह करायच्या तर हे उठून बाहेर जायचे.

मी म्हटलं, पीठ सांडेल.

गुरुवार, २६ डिसेंबर.

बॅग आली. विमान कंपनीची गाडी, ड्रायव्हर चांगला पन्नाशीचा माणूस. सही घेतली, पाणी प्यायला. भाडं घेतलं न्हाई, कंपनीकडून असतं म्हणाला. जाताना म्हणाला, तुमच्या कोपऱ्यावर एक म्हातारेबुवा चालत होते, बॅगेकडं बोट दाखवून माझी माझी म्हणाले. वेडसर असतील. तोंडात दात न्हाईत, नीट कळलं न्हाई. गाडी वळवून बघितलं तर दिसले न्हाईत.

मी बॅग उघडली. चार पायजमे, नेहरू शर्ट, नातवानं रंगवलेला एक कागद, विभूतीची पुडी. लिंगाची डबी न्हाई. पंच न्हाई. आणि सगळ्यात खाली निळी प्लास्टिकची डबी. तिच्यात कवळी. वरची, खालची. तीच. खालच्या उजव्या दाढेचा टवका उडालेला, बेंबळीत माझ्याच हातून पडली होती.

म्हणजे रुद्रेश खरं बोलत होता.

मग मी आत गेले. ते झोपलेले, तोंड थोडं उघडं. मला मोजायची सवय आहे. मी वाकून वरून दात मोजायला लागले.

बत्तीसला थांबले न्हाईत.

आत अजून होते.

आजपासून मी 'हे' लिहीत न्हाई. 'ते' लिहिते.

शुक्रवार, २७ डिसेंबर.

रुद्रेशला सांगायला गेले. संध्याकाळी तेच त्याच्याशी बोलत होते, मोठ्यानं हसत होते, नातवाची चौकशी. यांचाच आवाज. मी फोन ओढून घेतला आणि म्हटलं, हे तुझे अप्पा न्हाईत. तो समजावायला लागला, आई, तुझी झोप होत न्हाई, जागरणानं असं वाटतं, तू चार दिवस दुपारची झोपतीयस म्हणून अप्पाच काळजी करत होते.

अप्पाच काळजी करत होते.

तेव्हापासून फोन त्यांच्या उशीखाली. नंबर सगळे त्यातच, मला एकही पाठ न्हाई. हरणाबाईच्या फोनवरून परदेशी लागत न्हाई. पत्ता मात्र माझ्याकडं आहे, मी गेले होते तेव्हा वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलेला.

सासूबाईंचं उरलेलं बोलणं आज आठवलं. चहा गाळताना आठवलं आणि गाळणी हातातून पडली. चुकून दुसरंच आत आलं तर खरा माणूस बारा दिवस उंबऱ्याकडं यायला धडपडतो. रोज थोडं थोडं जवळ येतो. घरच्यांना दिसत न्हाई. तेवढ्यात घरच्याचीच नावानं हाक मिळाली, शेजारणीची न्हाई, तर आत येतो, न्हाईतर ज्या वाटेनं आला त्या वाटेला लागतो. आणि आतला कायमचा राहतो. मात्र हाक आतल्याच्या कानावर आधी पडली तर तोही ओ देऊ शकतो.

मी हाक मारण्याआधी माणूस पायरीवर पाहिजे. अगदी उंबऱ्याशी.

तीस तारखेला दुपारी बारा दहाला बारा दिवस भरतात.

शनिवार, २८ डिसेंबर.

ठोका फाटकावर. मी फाटक उघडलं. कुणी न्हाई. पण कडी थंड लागायची ती गरम होती, हातात धरून सोडल्यासारखी.

दुपारी पुन्हा झोप लागली. डोळ्यांत मिरचीचं बोट घातलं तरी लागली. हा जेट लॅग मला कसा — मी तर बेंबळीहून आले, साठ-सत्तर किलोमीटर.

हरणाबाई मागच्या खिडकीशी आली, आत येत न्हाई. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, वयनी, आमच्याबरोबर शेतात चला सोमवारी, वेळा अमावस्या हाय, समदी जाणार, इथं एकल्या ऱ्हाऊ नगा. मी म्हटलं, एकटी कुठं, ते आहेत. ती म्हणाली, म्हणून तर म्हणते.

न्हाई जाता येणार. यांना दार कोण उघडेल.

रविवार, २९ डिसेंबर.

पायरीवर. खालून तिसऱ्या पायरीवर ठोका. पळत गेले. माणूस न्हाई. बेलाचं एक पान. त्याला मधोमध गोल भोक, पंचानं पाडलेलं. कड स्वच्छ.

देव्हाऱ्यात ठेवलं. खूप रडले. त्यांना ऐकू गेलं न्हाई बहुतेक.

कवळी धुऊन ओच्यात बांधली.

रात्री ते पुन्हा म्हणाले, नाव घे. आज हसत म्हणाले न्हाईत. तोंड मिटून म्हणाले. तोंड मिटून बोलता येतं त्यांना.

सोमवार, ३० डिसेंबर. वेळा अमावस्या.

सकाळी नऊपर्यंत कॉलनी रिकामी. ट्रॅक्टर, टमटम, सगळे शेताकडं. हरणाबाई खिडकीत आंबिलाचं मडकं ठेवून गेली. आवाज म्हणून न्हाई. मेंढरंसुद्धा घेऊन गेली.

अकरा वाजता ते झोपलेले. मी उंबऱ्यात बसले. तोंडावर पाणी मारत बसले. वहीवर पाणी पडलंय ते त्याचं.

बारा पाच — कडी. एकच ठोका. टण.

दारात कुणी दिसत न्हाई, पण उंबऱ्याबाहेरच्या धुळीत चपलांचे ठसे. यांच्याच. उजवीची टाच झिजलेली, सहा महिने म्हणत होते नवी घेऊ, मीच म्हटलं अजून चालतीय.

आणि आवाज आला. बोळक्या तोंडाचा. शिवलीला.

मग म्हणाले, कवळी आली का गं माझी? लई हाल झाले चावायचे.

मला हसू आलं आणि रडू आलं. ओच्याची गाठ सुटेना. म्हटलं, थांबा. नाव घेते. आयुष्य कमी होत असेल तर माझं होऊ दे.

मागं पलंग वाजला. भर दुपारी. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

मागं वळले न्हाई. हाक मारली. रेवणसिद्ध. अडतीस वर्षांनी जीभ अडखळली, ऐकू गेलं न्हाई असं वाटलं. पुन्हा मोठ्यानं. रेवणसिद्ध. तिसऱ्यांदा ओरडले. रेवणसिद्ध —

ओ.

माझ्या मागून. अगदी मानेशी. बोळक्या तोंडाची.

घड्याळात बारा दहा.

बाहेरून काही न्हाई. मग कडीवर ठोके. एक — आणि लगेच दुसरा.

डबल बेल.

ठसे पायरीवरून उतरत गेले. मी बघितले. फाटकापर्यंत धूळ उडाली, मग डांबर लागलं.

मी स्वयंपाकघरात आहे. कडी लावली, पाटा दाराला लावला. हे पान फाडून मागच्या खिडकीतून हरणाबाईच्या वाड्यात टाकणार, मडक्याखाली तिकिटाचे पैसे ठेवलेत, पत्ता याच पानाच्या मागं उतरवलाय. ती पोस्टात टाकील.

रुद्रेश, बाळा, आईला वेड लागलं म्हणू नको, आधी वाच. अप्पा तुझ्याकडं परत निघालेत. ज्या वाटेनं आले त्या वाटेनं. किती दिवस लागतील ठाऊक न्हाई, पायी आहेत, जवळ दात न्हाईत, नुसता पंच आहे. तुझ्या दारावर कधीही एक ठोका पडला, रात्री पडला, दिवसा पडला, कुणी दिसलं न्हाई, तरी 'या' म्हणू नको. करिश्मालाही सांग. वडिलांचं नाव घ्यायला लेकाला बंदी न्हाई. नावानं हाक मार, तीनदा, एकदाही अडखळू नको —

दार वाजतंय. आता तो मला नावानं हाक मारतोय. शिवलीला म्हणतोय, या ना बाहेर म्हणतोय. कडक भाकरी चावल्यासारखा आवाज येतोय, पण तो लाकडाचा आहे.

कवळी माझ्या ओच्यात आहे. ती मी देणार न्हाई.

अप्पांनी ओ दिली की लगेच, फोन करू नको, फोन तो उचलतो, कागदावर लिहून उलट टपाली कळव की तुझे अप्पा पोचले, आणि त्यांना सांग की मी हाक मारली होती, मी तीनदा —